टॉर्क कन्व्हर्टरची कैफियत

ज्या वस्तूचे अंतरंग कोणी पाहिलेले नसते तिच्याविषयी प्रत्येकाचे मत ठाम असते. हा नियम जितका परलोकाला लागू आहे तितकाच तो मोटारीच्या स्वयंचलित गियरपेटीलाही लागू आहे, आणि त्याची प्रचीती ज्याला हवी असेल त्याने वीस-बावीस वर्षांपूर्वीची, क्लच नसलेली एक गाडी पैदा करावी, ती रायपुरात आणावी, आणि तिच्यात काही बिघाड आहे असे जयस्तंभ चौकापासून शारदा चौकापर्यंत कोठेही, फार मोठ्याने नव्हे, नुसते स्वतःशी पुटपुटावे. पानवाला, त्याच्यापुढे उभे असलेले गिऱ्हाईक, त्या गिऱ्हाइकाचा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला मामा, आणि वाटेने जाणारा एक संपूर्ण अपरिचित इसम, असे चौघेजण पाच मिनिटांच्या आत त्या बिघाडाचे निदान सांगतील. चारही निदाने परस्परविरुद्ध असतील, चौघांपैकी एकानेही आयुष्यात स्वयंचलित गाडी चालविलेली नसेल, आणि तरीही त्यांच्या वाणीतील आत्मीयता इतकी अस्सल असेल की आपणांस स्वतःच्या गाडीपेक्षा त्यांचे मन मोडण्याची चिंता अधिक वाटू लागेल. छत्तीसगडची माणसे स्वभावाने मोठी सालस. पत्ता विचारला तर तो सांगून न थांबता घरापर्यंत पोहोचवून येणारी. बिघाडाच्या बाबतीतही ती अशीच पोहोचवून येतात. फरक एवढाच की प्रत्येकजण वेगळ्या घरी नेऊन सोडतो.

आमचे थोरले साडू तात्यापाऱ्यात जन्मले, तेथेच वाढले, मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात नोकरीस लागले, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी, खुर्चीवरून न उठता, छत्तीसगड शासनाचे नोकर झाले. हद्दी बदलल्या, कागदांवरचे शिक्के बदलले. परंतु कैफियत, रुजुवात, मुद्देमाल आणि सबब या शब्दांवाचून त्यांचे वाक्य पुरे होत नव्हते ते आजही होत नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या डाव्या गुडघ्याने असहकार पुकारला, डॉक्टरांनी क्लच दाबण्यास मनाई केली, आणि तेव्हा त्यांनी नागपूरहून एका जपानी घराण्यातील जुनी स्वयंचलित गाडी खरेदी केली. विकणारा गृहस्थ व्यवसायाने डॉक्टर होता. डॉक्टराची गाडी हा आपल्याकडे जुन्या मोटारीच्या कुलशीलाचा परमोच्च दाखला समजला जातो. डॉक्टर लोक स्वतःच्या प्रकृतीची जितकी हेळसांड करतात तितकीच गाडीच्या प्रकृतीचीही करीत असतील, ही शंका खरेदीच्या वेळी कोणाच्या मनास शिवत नाही.

स्वयंचलित गाडीविषयी आपल्या समाजात एक जुना पूर्वग्रह आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अशा गाड्या आपल्या बाजारात थोड्याफार दिसू लागल्या तेव्हापासून, जो स्वतः गियर टाकीत नाही तो गाडी चालवीत नसून गाडी त्याला चालवीत आहे, अशी सर्व वाहनचालकांची मनोमन खात्री आहे. आणि अशी गाडी बिघडली की त्यांच्या मुद्रेवर सहानुभूतीच्या आड एक न्याय झाल्याचे समाधान तरळून जाते. अलीकडे, २०१४ पासून, ज्या स्वस्त स्वयंचलित गाड्या रस्त्यावर आल्या त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात साधाच क्लच असतो आणि तो दाबण्याचे काम तेवढे यंत्र करते. साडूंच्या गाडीची जात निराळी. तिच्यात इंजिन आणि गियर यांच्यामध्ये क्लच नाहीच. तेथे तेलाने भरलेला, वेल्डिंगने कायमचा मिटविलेला, पोटफुगा असा एक लोखंडी घट बसविलेला असतो. त्याचे नाव टॉर्क कन्व्हर्टर. त्याला झाकण नाही, खिडकी नाही, आणि आत काय चालले आहे हे पाहावयाचे तर तो लेथवर धरून कापावाच लागतो. आरोपी म्हणून उभा करण्यास यापेक्षा सोयीचे पात्र विधात्याने निर्माण केलेले नाही.

फिर्याद अशी होती. तेलीबांध्याच्या तलावावरून निघून, माना विमानतळाचा रस्ता धरून, साडू सहकुटुंब नवा रायपूरकडे हवा खाण्यास जात. तेथील रस्ते इतके प्रशस्त आणि बहुतेक वेळ इतके निर्मनुष्य आहेत की जुन्या गाडीलासुद्धा आपण तरुण असल्याचा भास व्हावा. गाडी तापून अंगात आली, वेग पन्नास-साठच्या घरात गेला, आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकलेला राहिला, की दोन-तीन पळे सर्व गाडीत एक बारीक थरथर उठे, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा शंभर-दीडशेने वरखाली होई, आणि सर्व पूर्ववत शांत होई. ही थरथर प्रथम जाणवली तेव्हा साडूंनी गाडी बाजूस घेतली, खाली उतरले, आणि मागे चालत जाऊन रस्त्याची पाहणी केली. महसूल खात्याचा मनुष्य. तक्रार आली की प्रथम जमीन पाहावयाची, हे त्यांच्या रक्तात भिनलेले. रस्ता निर्दोष आढळला, सबब त्याला मुक्त करून त्यांनी चौकशीचा रोख गाडीकडे वळविला.

पुढील काही आठवडे ही चौकशी गावातील दुकानांतून चालली, आणि तेवढ्या काळात मोटारदुरुस्तीच्या धंद्याचा एक मूलभूत सिद्धांत माझ्या निदर्शनास आला: निदान हे रोगावरून होत नसून दुकानाच्या पाटीवरून होते. टायरवाल्याने चाकांचा तोल बिघडल्याचे सांगितले आणि तोल साधून दिला. बॅटरीवाल्याने बॅटरीला दोष दिला. पेट्रोलपंपावरच्या पोराने, स्वतःच्या पंपाचे सोडून, शहरातील इतर सर्व पंपांच्या पेट्रोलला दोष दिला. फाफाडीहच्या बाजूच्या एका मिस्त्रीने इंजिन ‘मिसिंग’ करते असे ठरवून प्लग बदलले, आणि एका मोठ्या, वातानुकूलित, काचेच्या भिंतींच्या गॅरेजात तर, जेथे गाडीस स्कॅनर लावून संगणकाकडे विचारणा झाली व संगणकाने आपल्या दफ्तरी या गाडीविरुद्ध एकही तक्रार नोंद नसल्याचे कळविले, तेथल्या टाय लावलेल्या तरुणाने अत्यंत आदबीने संपूर्ण गियरपेटी बदलण्याचे अंदाजपत्रक हातात ठेविले. ती रक्कम गाडीच्या किमतीहून अधिक होती. साडूंनी ते अंदाजपत्रक दोनदा वाचले, त्यातील बेरजेची एक चूक लाल शाईने दुरुस्त केली, आणि ‘पाहिले’ असा शेरा मारून परत केले.

त्या तरुणाची बाजू घेऊन एवढे म्हटले पाहिजे की संगणकाच्या मौनावर तोही फसला असावा. कन्व्हर्टरच्या आत लॉकअप नावाची एक योजना असते, तिची ओळख पुढे होईलच; तिचा बिघाड पुरा बळावला तर संगणक पी ०७४० किंवा पी ०७४१ अशा आकड्यांनी तो कबूल करतो. परंतु रोग थरथरीच्या अवस्थेत असतो तेव्हा पुष्कळदा संगणकास त्याची गंधवार्ता नसते, आणि निरक्षर माणसाच्या पार्श्वभागास जे कळते ते यंत्रास कळत नाही.

शेवटी कोणीतरी टाटीबंधच्या एका उस्तादाचे नाव सांगितले. टाटीबंध म्हणजे मुंबई-कोलकाता महामार्गावर रायपूरने उघडलेली ट्रकांची महापाठशाळा. तेथे डोंगराएवढ्या गियरपेट्या रस्त्याच्या कडेला आडव्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्या पोटात कमरेपर्यंत शिरलेली माणसे बाहेरच्याशी गप्पा मारीत असतात. या उस्तादाने तरुणपणी मुंबईत विदेशी गाड्यांच्या स्वयंचलित पेट्यांवर काम केले होते, असे सांगत. उस्तादाने गाडीकडे पाहिले, साडूंची सविस्तर कैफियत कान देऊन ऐकून घेतली, आणि तो काहीच बोलला नाही. एवढ्या दिवसांत निदान न सांगणारा हा पहिला मनुष्य भेटला, आणि मला तेथल्या तेथे त्याच्याविषयी आदर उत्पन्न झाला. त्याने डिपस्टिक काढली, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तेलाचा थेंब टाकला, तो पसरू दिला, मग कागद नाकाशी नेला, आणि नाक मुरडून कागद साडूंच्या हाती दिला. साडूंनीही तो हुंगला; कागद हाती आला की त्याचे काहीतरी केलेच पाहिजे, ही त्यांची जन्माची सवय.

या तेलाचा मूळ रंग मुद्दाम तांबडा ठेवतात, म्हणजे गळती झाली तर इंजिनाच्या तेलापासून ते वेगळे ओळखू यावे. येथे त्याचा रंग गर्द तपकिरी झाला होता आणि त्याला जळकट वास येत होता. तेल दुधाळ गुलाबी असते तर रेडिएटरमधल्या शीतकातून पाणी शिरल्याचे अनुमान निघाले असते. त्यात धातूची चकाकी दिसती तर आत काही झिजून तुटल्याची खूण मिळाली असती. दोन्ही नव्हते. नुसते म्हातारे, भाजलेले तेल. रायपूरच्या उन्हाळ्यात, नवतपाच्या त्या नऊ दिवसांत, जेव्हा पारा पंचेचाळिसाकडे झेपावतो आणि माणसे घरांतून बाहेर पडत नाहीत, तेव्हाही ते तेल आपले काम करीत होते. आणि ढोबळ हिशेब असा की नेहमीच्या तापमानाहून दर दहा अंशांच्या वाढीगणिक अशा तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते. नागपूर ते रायपूर म्हणजे ज्या दोन शहरांत उन्हाळ्याविषयी स्पर्धा चालू आहे त्यांमधला प्रवास. त्या तेलाने दोन्ही पक्ष पाहिले होते.

येथे त्या लोखंडी घटाच्या आत काय घडते ते सांगणे प्राप्त आहे, आणि ते सांगण्यास मला छत्तीसगडच्या इतिहासाइतके उत्तम साधन दुसरे सापडत नाही. रतनपूरच्या गादीवरून छत्तीसगडचा कारभार पाहणारे बिंबाजी भोसले १७८७ साली वारले आणि छत्तीसगडचा अधिकार व्यंकोजी भोसल्यांकडे आला. परंतु व्यंकोजींनी रतनपूरला येऊन राहण्याऐवजी नागपुरातच राहणे पसंत केले आणि मुलूख सुभ्यांमार्फत चालविला. सत्ता नागपुरात फिरत आहे, मुलूख रतनपुरात हलत आहे, आणि दोहोंचा एकमेकांना प्रत्यक्ष स्पर्श नाही. मध्ये आहे तो सुभा. कन्व्हर्टरमध्ये नेमके हेच घडते. इंजिनास जोडलेले एक पात्यांचे चक्र तेल जोराने फेकते, समोरचे दुसरे चक्र त्या तेलाच्या माऱ्याने फिरू लागते आणि चाकांना फिरविते. लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणूनच गाडी गियरमध्ये असून ब्रेकवर उभी राहते आणि इंजिन बंद पडत नाही. राजा नागपुरात नाराज झाला म्हणून रतनपूरचा बाजार त्याच क्षणी बंद पडत नसे, त्यातलाच हा प्रकार. या दोन चक्रांच्या मध्ये एक तिसरे, लहान चक्र असते, त्याला स्टेटर म्हणतात. ते गाडी सुटताना जागचे हलत नाही. परतून येणाऱ्या तेलाची दिशा फिरवून ते पुन्हा कामाच्या बाजूस लावते, आणि त्यामुळे इंजिनाने दिलेला पिळाचा जोर सुरुवातीस दुपटीच्या आसपास जातो. कचेरीतला फडणीस ज्याप्रमाणे बैठक न सोडता, आलेला प्रत्येक कागद शेरा मारून योग्य तोंडाला लावतो, तेच हे काम. वेग आला की एकाच दिशेने फिरणाऱ्या बेअरिंगवर स्टेटर मोकळा सुटतो आणि प्रवाहाबरोबर फिरू लागतो. फडणीसही कामाची घाई संपली की असेच करीत असावेत.

मात्र मध्यस्थ आला की तूट आली. दुसरे चक्र पहिल्याच्या नेहमी थोडे मागे राहते, आणि मधली तफावत तेलाच्या उष्णतेत जमा होते. सुभ्याच्या मुलखातील वसूल आणि नागपूरच्या खजिन्यात पोहोचलेला वसूल यांच्यातली तफावत कोठे जमा होई हे मी लिहीत नाही. यावर तोड म्हणून पुढच्या कन्व्हर्टरांत लॉकअप नावाची एक योजना आली: एकसारखा वेग लाभला की आतली एक अस्तर लावलेली तबकडी दाबली जाऊन दोन्ही चक्रे सरळ एकत्र जखडली जातात. म्हणजे राजा स्वतः रतनपुरास येऊन गादीवर बसला. मध्यस्थी संपली, तूट संपली. आता हे अस्तर झिजलेले असेल, अथवा त्याला भिजविणारे तेल जळालेले असेल, तर ती तबकडी पकडते, निसटते, पुन्हा पकडते, पुन्हा निसटते. राजे आले अशी हाळी होते, सारी कचेरी उभी राहते. राजे आले नाहीत असे कळते, कचेरी बसते. तेवढ्यात पुन्हा हाळी. ही उठबस सेकंदात अनेक वेळा घडली म्हणजे साडूंच्या गाडीत जी थरथर उठत असे ती उठते.

ही कल्पना मुळात मोटारीसाठी निघालीच नव्हती. १९०५ साली हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने तिचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरे आणि जहाजाच्या पंख्यास सावकाश फिरणे मानवे, त्या दोघांत समेट घडविण्यास दातेरी चाकांऐवजी त्याने पाण्याच्या प्रवाहाची योजना केली. मोटारीत ती चार दशकांनी रुजली: अमेरिकेत १९४८ साली ब्यूइकच्या डायनाफ्लो पेटीतून कन्व्हर्टर लोकप्रिय झाला, आणि १९४९ साली पॅकार्डने त्याला लॉकअपची जोड दिली. समुद्रावरचा एक तंटा तडजोडीने मिटविणारे हे यंत्र समुद्रापासून इतक्या दूरच्या रायपुरात येऊन स्वतःच तंट्याचा विषय व्हावे, हे दैवदुर्विलसितच म्हटले पाहिजे.

उस्तादाने रस्त्यावरची परीक्षा घेण्याचे ठरविले. नवा रायपूरच्या रस्त्यावर साडू चालकाच्या जागी, शेजारी उस्ताद, आणि मागे मी व आमच्या मेहुणीबाई, ज्यांना सारे घर ताई म्हणते. ताईंच्या येण्यास तांत्रिक प्रयोजन काही नव्हते. परतीच्या वाटेवर भाजी घ्यावयाची होती. उस्ताद एकेका संशयिताची जबानी घेत होता. ब्रेकवर उभ्या गाडीत गियर ‘डी’मध्ये टाकला, तेव्हा गाडी हादरली नाही, सबब इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ज्या रबरी गाद्यांवर इंजिन बसते त्या, शाबूत ठरल्या. वेग साठच्या पुढे नेऊन पाय काढून घेतला, तर थरथर राहिली नाही. चाकांचा दोष असता तर ती वेगाबरोबर राहिली असती. पाय जोराने दाबला तेव्हाही थरथर नाहीशी झाली, आणि येथे उस्तादाने प्रथमच मान डोलावली. इंजिन मिसिंग करीत असेल तर जोर मागितल्यावर त्याचा दोष वाढतो. लॉकअपचा दोष उलट हलक्या पायाला वाढतो, कारण जोर मागितला की संगणक लॉकअप आपण होऊन सोडून देतो. तरीही उस्तादाचे समाधान झाले नव्हते. मिसिंगचा सूक्ष्म दोषसुद्धा लॉकअप लागल्यावरच अधिक जाणवतो, कारण एरवी ते तेल त्याचे धक्के पोटात घालीत असते. त्यामुळे या दोघांत भेद करणे हेच या रोगाच्या निदानातले खरे कठीण कर्म.

इतक्यात वेग पुन्हा पंचावन्नास आला, थरथर उठली, आणि ताई मागून नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “अहो, ब्रेक!” संसारातील प्रदीर्घ अभ्यासाने साडूंचा मोकळा डावा पाय बुद्धीची वाट न पाहता ब्रेकवर गेला, गाडी मंदावण्याइतकाही नाही, नुसता टेकला. थरथर तत्क्षणी थांबली आणि काटा दोन-तीनशे फेऱ्यांनी वर उडाला.

उस्ताद जागच्या जागी मागे वळला. “बाई,” तो म्हणाला, “एक बार फेर बोलव त.”

ताईंनी पुन्हा सांगितले. पुन्हा तेच घडले.

“एवढे तर मी दिवाळीपासून सांगते आहे,” ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “की ब्रेकला पाय लावला की बरे होते. पण माझे ऐकतो कोण, भाऊजी?”

शास्त्र असे आहे की ब्रेकला पाय लागताच ब्रेकचा दिवा पेटविणारे बटण संगणकास वर्दी देते, आणि गाडी आता थांबणार असे समजून संगणक लॉकअप सोडून देतो. नाहीतर गाडी थांबताना इंजिनही बंद पडेल. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय न हलविता ब्रेकला निसटता स्पर्श केला आणि तेवढ्याने थरथर गेली, तर फिर्यादीचा रोख लॉकअपवरच येतो. ही परीक्षा जगभर मिस्त्री करतात. विमानतळाच्या रस्त्यावर ती कित्येक महिने दर रविवारी नियमाने होत होती. तिची नोंद घेण्यास मात्र कोणी नव्हते.

स्टेटरची रुजुवात राहिली होती, आणि ती तात्यापाऱ्यातील घरासमोर झाली. हिला स्टॉल टेस्ट म्हणतात. हँडब्रेक ओढावयाचा, चाकांपुढे विटा लावावयाच्या, डाव्या पायाने ब्रेक प्राणपणाने दाबावयाचा, गियर ‘डी’मध्ये टाकावयाचा, आणि उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून काटा कोठे स्थिरावतो ते पाहावयाचे; तेही पाच सेकंदांहून अधिक नाही, कारण जागच्या जागी कोंडलेली सर्व शक्ती उष्णता होऊन त्या तेलातच उतरते. काटा उत्पादकाच्या पुस्तकातील आकड्याहून फार वर गेला तर आतल्या क्लचप्लेटा घसरत आहेत अथवा तेल कमी आहे. फार खाली राहिला तर इंजिन दुबळे आहे, अथवा स्टेटरचे एकदिशा बेअरिंग निकामी होऊन फडणीस भलतीकडे तोंड करून बसला आहे. वार्ता गल्लीत आधीच पसरली होती. इस्त्रीवाल्याने आपली गाडी सुरक्षित अंतरावर ओढून नेली आणि तेथून तो एकाग्रतेने पाहू लागला. कोणीतरी गाडीसमोरून लहान मुलांना हटविले, पण त्यांच्या आजोबांना हटविण्याचे धैर्य कोणास झाले नाही, आणि ती पाच सेकंदे मिळण्यास त्यामुळे अर्धा तास लागला. साडूंचा डावा गुडघा ब्रेक दाबण्यास असमर्थ, म्हणून गाडीत उस्ताद बसला; साडू बाहेर मनगटी घड्याळ धरून उभे. इंजिन गरजले, गाडीने नाक खाली घातले, आणि साडूंनी पाचाच्या ठोक्याला ‘तहकूब!’ असा पुकारा केला. काटा पुस्तकातल्या आकड्याच्या आसपासच थांबला होता. स्टेटर निर्दोष सुटला.

आता उपचार. उस्तादाचे म्हणणे, नवा कन्व्हर्टर नको, पेटी उघडावयास नको, आधी तेल बदलू; आणि पुस्तकात जे नेमून दिले आहे तेच घालू, कारण लॉकअपच्या अस्तराला किती घर्षण हवे ते त्या तेलातील द्रव्यांवर ठरते, आणि ‘सब गाड़ी में चलता है’ असे सांगून विकले जाणारे तेल घातल्याने निरोगी गाड्याही थरथरू लागल्याचे त्याने पाहिले होते. बूच काढले. पेटीत सहा लिटर तेल असावयाचे, आणि खालच्या भांड्यात उतरले तीन लिटरांहून कमी. साडूंनी भांडे मोजून पाहिले, पुस्तक पाहिले, आणि उस्तादाकडे रोखून पाहिले. आयुष्यात असंख्य पटवारी त्यांच्यासमोर अशा तफावतीचा हिशेब देताना घामाघूम झालेले होते. उस्तादाने शांतपणे सांगितले की बाकीचे तेल कन्व्हर्टरच्या पोटात आहे, त्याला बूच नाही, आणि ते एका खेपेस निघत नाही. म्हणून बदलावयाचे, काही दिवस चालवावयाचे, पुन्हा बदलावयाचे, असे करीत जुन्याचा अंश कमी करीत न्यावयाचा. यंत्राने उघडपणे निम्मी शिल्लक दाबून ठेवावी आणि त्यावर काहीही कारवाई करता येऊ नये, ही गोष्ट साडूंना फार लागली.

तरी उपाय लागू पडला. सकाळच्या वेळी थरथर पुरतीच नाहीशी झाली. भर दुपारी, गाडी खूप तापल्यावर, एखादी लहर अजून उठते आणि विरून जाते. साडूंनी उस्तादास विचारले की हा रोग मुळापासून जाणार किंवा कसे. उस्तादाने हात पुशीत उत्तर दिले, “ये बीमारी नोहय साहेब, बुढ़ापा आय.” साडूंनी स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे पाहिले आणि अधिक जबानी घेतली नाही. कन्व्हर्टर उतरवून, कापून, नवे अस्तर लावून, पुन्हा वेल्डिंग करून, तोल साधून आणणारे कारागीर मोठ्या शहरांतून आहेत. पेटी बदलण्याच्या मानाने तो खर्चही पुष्कळ कमी. परंतु साडूंच्या मते गाडीचे नव्वद टक्के आयुष्य जी. ई. रोडवर जाते, तेथे सायंकाळी कोणत्याही वाहनास चाळिसाच्या वर जाण्याची मुभा नसते, आणि चाळिसाच्या खाली लॉकअप लागतच नाही. सबब सदर प्रकरण तूर्त दफ्तरदाखल झाले असून त्याची चिठ्ठी गाडीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, ठेवलेली आहे.

जुनी स्वयंचलित गाडी घेण्याचे ज्यांच्या मनात असेल त्या वाचकांस एवढीच विनंती की गाडी नुसती गल्लीत फिरवून पसंत करू नये. ती चांगली तापू द्यावी, पन्नास-साठच्या वेगाने हलक्या पायाने मोकळ्या रस्त्यावर काही मैल न्यावी, काट्यावर नजर ठेवावी, तेल कागदावर घेऊन हुंगावे, आणि कोणी कन्व्हर्टर गेला असे म्हणाला तर तेल बदलून पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत. शक्य असल्यास आधीच्या मालकाच्या पत्नीची गाठ घ्यावी. गाडीला काय होते ते तिला ठाऊक असते.